मीटर पळतंय म्हणून मी तीन महिने शिव्या घातल्या



या पानावर मी नेहमी घेवडा, कांदा, आलं आणि गोठा याबद्दल लिहितो. आज घरातल्या लाइटच्या मीटरबद्दल लिहितोय. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझा शहाणपणा कमी आणि मूर्खपणा जास्त आहे. पण आमच्या खटाव तालुक्यात पुन्हा पाऊस सुरू झालाय, गोठे ओले झालेत, म्हणून लिहूनच टाकतो.

आमच्या घराला जुनं चक्तीचं मीटर होतं. वडिलांच्या वेळचं. चक्ती अडखळत फिरायची, मधेच थांबायची, परत निघायची. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट पडायचे. एप्रिलच्या शेवटी वायरमन आला, जुनं मीटर काढलं आणि नवं इलेक्ट्रॉनिक बसवून गेला. मे महिन्याचं बिल आलं ११२ युनिट. जूनचं १३३. जुलैचं १६४, आणि रक्कम दीड हजाराच्या पुढं.

घरात वस्तू त्याच, माणसं तीच. मग दोष कुणाचा? मीटरचा. गावात पारावर बसलं की हीच चर्चा. ज्याच्या ज्याच्याकडं नवं मीटर बसलं तो तो म्हणत होता, मीटर पळतंय. मी पण त्यांच्यातलाच एक. उलट माझा आवाज जरा मोठाच.

त्याच दिवसांत एक जण भेटला. म्हणाला, "पाचशे रुपये द्या, मीटर मंद करून देतो, कुणाला कळणार नाही." खोटं कशाला बोलू, मी पाचशेची नोट खिशातून काढली होती. आमच्या घरातली म्हणाली, "अहो, चोरी ती चोरीच. उद्या पकडलं तर गावात तोंड दाखवायचं कसं?" नोट परत खिशात गेली. नंतर पुतण्यानं सांगितलं की मीटरमध्ये फेरफार म्हणजे २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५, दंड, तुरुंग किंवा दोन्ही. शिवाय चुंबक लावलं तर त्याची नोंद मीटर आपल्या पोटात करून ठेवतं. पण मी थांबलो ते कायद्याच्या भीतीनं नाही, बायकोच्या बोलण्यानं. आणि ती नोट त्या दिवशी गेली असती तर पुढं काय झालं असतं याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

आता गोठ्याकडं येतो.

माझ्याकडं दोन संकरित गाई. गोठा घरापासून साधारण साठ फुटांवर. तिथं सिमेंटचा हौद आहे, त्याला लोखंडी पाइप आणि कॉक. जूनचा पाऊस लागला आणि मोठी गाय हौदावर पाणी प्यायला नाटकं करायला लागली. जवळ जायची, तोंड लावायची, झटकन मान मागं घ्यायची. जीभ नुसती वरवर फिरवायची. दोन्ही गाईंचं मिळून दिवसाला बावीस लिटर दूध होतं, ते सतरावर आलं. डॉक्टर आले. तोंड बघितलं, दात बघितले, ताप बघितला. काही नाही. कॅल्शियम दिलं. जाता जाता म्हणाले, "बादलीत पाणी देऊन बघा." बादली ठेवली तर गाईनं एका दमात संपवली. आम्ही म्हणलं हौदाला शेवाळ धरलं असेल. हौद घासला, चुना मारला. गाय परत तशीच.

आणि आई. आईचं वय पंचाहत्तरच्या पुढं. ती रोज सकाळी अनवाणी गोठ्यात जाते, हौदातल्या पाण्यानं तांब्या-बादली विसळते. ती जूनपासून म्हणत होती, "आरं, हौदाचं पाणी चावतंय." मी म्हणलं, पाणी कधी चावतं का? म्हातारपणी हातापायाला मुंग्या येतात, रक्त फिरत नाही नीट. तरी तिच्या समाधानासाठी एकदा टेस्टर घेऊन गेलो. पाइपला लावला, कॉकला लावला, पाण्यात बुडवला. पेटला नाही. आईला दाखवलं, "हे बघ, काही नाही." ती गप्प बसली. माझ्या पायात गमबूट होते, मला काहीच लागलं नाही. मी विषय संपवला.

दीड महिना ती रोज त्या हौदात हात घालत होती.

ऑगस्टमध्ये पुतण्या सुट्टीला आला. तो आयटीआयला वायरमन ट्रेड करतो. मी त्याच्यापुढं मीटरचं रडगाणं सुरू केलं. तो म्हणाला, "तात्या, शिव्या नंतर घालू. आधी त्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघू."

मी पंचावन्न वर्षांचा माणूस, खताच्या पोत्यावरचे आकडे, औषधाच्या बाटलीवरचा डोस सगळं वाचतो. मीटरची पाटी कधी वाचली नव्हती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच. केडब्ल्यूएच म्हणजे आपला युनिट. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आणि मीटरवर जो लाल दिवा लुकलुकतो तो एका युनिटला बरोबर ३२०० वेळा लुकलुकतो. काहींच्या मीटरवर १६०० असतं, आणखी काही आकडे असतात. आपल्या पाटीवर असेल तो धरायचा.

यावरून घरात या क्षणाला किती वॉट चाललंय ते काढता येतं. ३६ लाखाला पाटीवरच्या आकड्यानं भागायचं. माझं ३२०० असल्यामुळं ११२५ येतात. मग दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. समजा पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकला, तर ७५ वॉट, म्हणजे एक जुना पंखा. पुतण्यानं सगळं घर बंद करून फक्त पुढच्या खोलीतला ९ वॉटचा बल्ब लावायचं ठरवलं. "आता सव्वाशे सेकंदांनी एकदा लुकलुकायला पाहिजे," तो म्हणाला. तसं झालं तर मीटर बरोबर, लवकर लुकलुकला तर मीटर पळतंय.

मोबाइलवर सेकंद लावून दोघं उभे राहिलो. दिवा चौदाव्या सेकंदाला लुकलुकला.

मी म्हणलं, "बघ! सांगत होतो ना मी!"

पुतण्यानं तो बल्बही बंद केला. टीव्हीची पिन काढली, मोबाइलचे चार्जर काढले. घरात एक वस्तू चालू नाही. दिवा सोळा सेकंदांनी लुकलुकतच होता. आणि त्याच्या शेजारी "अर्थ" लिहिलेला आणखी एक बारीक दिवा कायम पेटलेला होता. मी त्या दिव्याकडं तीन महिने बघत होतो. मला वाटायचं तो असाच असतो.

सोळा सेकंद म्हणजे ७० वॉट. चोवीस तास. दिवसाला पावणेदोन युनिटच्या आसपास आणि महिन्याला पन्नास.

पुतण्याचा चेहरा बदलला. त्यानं गोठ्याच्या लाइनीची ग्रिप काढली. लाल दिवा थांबला, अर्थचा दिवा विझला. ग्रिप घातली, परत सुरू. मग ग्रिप काढून ठेवून आम्ही तो ९ वॉटचा बल्ब परत लावला आणि मोजलं. दोन मिनिटं आणि चार-पाच सेकंद. मीटर तंतोतंत होतं. ही घरगुती मीटरं बहुतेक क्लास १ ची असतात, म्हणजे शंभर युनिटला एखादा युनिट इकडं-तिकडं, त्यापेक्षा जास्त चूक चालत नाही. चुकत होतं ते माझं जुनं चक्तीचं. ते थकलं होतं, खरं वापरलेलं सगळं मोजतच नव्हतं. मे महिन्यात ११२ आले ते मुळात माझेच युनिट होते.

मग गोठ्याकडं गेलो. घरातून गोठ्यात जाणारी वायर मी सात-आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं टाकली होती. वायर कमी पडली म्हणून मधे एक जोड दिला, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, पाइपचा खर्च वाचवला आणि वीतभर खोल पुरून टाकली. तो जोड नेमका हौदाच्या कडेला. उन्हाळ्यात माती कोरडी, काही होत नसे. पाऊस लागला, हौदाचं सांडलेलं पाणी मुरलं, चिकटपट्टी सडली आणि फेजचा करंट चिखलात उतरायला लागला. गोठ्यातला स्विच बंद केला तरी उपयोग नाही, कारण जोड स्विचच्या अलीकडं. ग्रिप उडायचाही प्रश्न नाही. ७० वॉट म्हणजे ०.३ अँपिअर, एवढ्याला पाच अँपिअरची फ्यूज तार कशाला वितळेल? पण माणूस वाचवायला जो आरसीसीबी बसवतात, तो ०.०३ अँपिअरला तुटतो असा बनवलेला असतो. आमच्या चिखलात त्याच्या दसपट जात होतं.

पुतण्यानं मल्टिमीटर आणला. हौदाचा कॉक आणि गाय जिथं उभी राहते तिथं ओल्या जमिनीत ठोकलेला खिळा, या दोघांत १४ व्होल्ट. टेस्टर का पेटला नव्हता ते तेव्हा कळलं. टेस्टरच्या आतला निऑनचा बारीक दिवा पेटायलाच साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. दहा-वीस व्होल्टला तो मुका बसतो. गाईचं तसं नाही. ओलं नाक, ओल्या जमिनीत चार पाय. जी झिणझिणी आपल्याला कळत पण नाही तिनं गाय पाणी सोडते. दूध देणाऱ्या जनावरांत हा प्रकार माहीत असलेला आहे. कृषी आणि पशुवैद्यकातली मंडळी हे पान वाचतात. त्यांना माझी विनंती, हौदावर पाणी न पिणारी आणि बादलीत पिणारी गाय दिसली तर एकदा मल्टिमीटर लावायला सांगा.

१४ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते त्या दिवशीचे. जोड आणखी उघडा पडला असता आणि वर मोठा पाऊस लागला असता तर किती झाले असते? हौदात हात कुणाचा असला असता? त्या रात्री मी जेवलो नाही. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मी सांगत हुते."

काम दुसऱ्याच दिवशी केलं. आधी मेन बंद, मगच खोदाई, हे पुतण्यानं तीनदा बजावलं. जुनी वायर उपटून फेकली. नवीन अखंड वायर, मधे एकही जोड नाही, पीव्हीसी पाइपातून वरून नेली. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला. मेनजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. पुतण्याची मजुरी धरली नाही तर सगळं साडेचार हजारात झालं. त्या आरसीसीबीवर एक "टी" लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. मी अमावस्येला दाबतो, म्हणजे विसरत नाही.

एवढं झाल्यावर मला लुकलुकी मोजायचा नादच लागला. एकेक वस्तू लावायची आणि सेकंद मोजायचे. घरातली म्हणायची, आता मीटरपुढं अंथरूणच टाका.

त्यातून एक गोष्ट कळली आणि तिचं मला हसू पण आलं. २०१५ साली उजाला योजना आली तेव्हा मी एलईडी बल्ब घेतले होते. लावले कुठं? पुढच्या खोलीत आणि दारात, पाहुण्यांना दिसेल तिथं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत ६० वॉटचे पिवळे गुलूप तसेच, कारण ते गेले नव्हते. चालू गुलूप काढून टाकायचा म्हणजे पाप वाटायचं. आणि गोठ्यात १०० वॉटचा गुलूप, रात्रभर. बारा तासाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट एकट्याचे! घरातली सगळ्यात खादाड वस्तू गोठ्यात टांगलेली, आणि काटकसर पुढच्या खोलीत. आता गोठ्यात १२ वॉटचा एलईडी आहे, महिन्याला साडेचार युनिटही होत नाहीत. शंभरच्या गुलपाएवढा लख्ख नाही, पण धार काढायला आणि पायाखालचं बघायला पुरतो. गुलूप तापायचा, हा तेवढा तापत नाही. त्यामुळं खाली कडब्यावर ठिणगी पडायची भीती पण गेली.

स्वयंपाकघर आणि न्हाणीत ९ वॉटचे लावले. दोन जुन्या ट्यूब होत्या. ट्यूबवर ४० वॉट लिहिलेलं, पण मोजलं तर चोकसकट पन्नासच्या वर. त्या जागी २० वॉटच्या एलईडी पट्ट्या. माजघरातला पंखा बीएलडीसी घेतला, तो ३० वॉटवर चालतो, जुना ७५ घ्यायचा. दुसरा पंखा जुनाच ठेवलाय. तो कमी चालतो आणि नवा पंखा तीन हजाराच्या आत मिळत असला तरी तीन हजार तीन हजारच असतात. माझा हिशोब एवढाच, जी वस्तू जास्त तास चालते ती आधी बदलायची. दिवसात दहा मिनिटं लागणाऱ्या माळवदावरच्या दिव्याला मी हात पण लावला नाही.

बाजारात गाडीवर मिळणारे स्वस्त एलईडी मात्र घेऊ नका. मी घेतले होते. आमच्याकडं व्होल्टेज वर-खाली होतं, दोन महिन्यांत तीन गेले. मार्क असलेला, पेटीवर वॉट आणि लुमेन लिहिलेला, गॅरंटीची तारीख घालून देणारा घ्या. आणि एलईडी बंद काचेच्या हंडीत लावू नका, आतल्या आत तापून जातो.

ऑक्टोबरचं बिल ५३ युनिट आलं. रक्कम पाचशेच्या आसपास. युनिट तिसऱ्या हिश्श्यावर आले आणि पैसेही जवळपास तेवढेच उतरले. पैशातला फरक मोठा दिसतो याचं एक कारण स्लॅब. घरगुती बिलात पहिले शंभर युनिट एका दरानं, आणि शंभरच्या पुढचे जवळपास दुप्पट दरानं. माझे वाचलेले युनिट आधी वरच्या महाग दरातले कमी झाले. स्थिर आकार मात्र एक युनिट वापरा नाहीतर शंभर, द्यावाच लागतो.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल २०२४ पासून माफ झालं. तेव्हापासून आपल्याला विजेकडं बघायची सवय कमी झालीय असं माझं मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. घराचं मीटर वेगळं आहे आणि गोठा, हौद, कडबाकुट्टी सगळं त्या मीटरवरच आहे. स्मार्ट मीटरवरून सध्या गावोगाव वाद आहे, त्यात मी पडत नाही. ज्याला आपल्या मीटरवर संशय असेल त्यानं फी भरून तपासणीचा अर्ज जरूर करावा, तो आपला हक्क आहे. पण अर्ज लिहायच्या आधी एकदा घर पूर्ण बंद करून दहा मिनिटं मीटरसमोर उभं राहावं. दिवा लुकलुकत राहिला किंवा अर्थचा दिवा पेटलेला दिसला, तर त्याच दिवशी जाणता वायरमन बोलवावा. स्वतः खोदत बसू नये. आणि तोपर्यंत ओल्या जागेतल्या लोखंडाला कुणाला हात लावू देऊ नये.

मोठी गाय काम झाल्यावर सुद्धा लगेच हौदावर आली नाही. आठ-दहा दिवस बादलीच मागत होती. मग एक दिवस धाकटीला पिताना बघून पुढं आली, नाक लावलं, थांबली आणि प्यायली. दूध आता एकवीसवर आहे.

आई मात्र अजून त्या हौदाला हात लावत नाही. प्लास्टिकच्या मगानं लांबून पाणी घेते. परवा मी टेस्टर घेऊन गेलो, कॉकला लावला, म्हणलं बघ आई, आता खरंच काही नाही.

ती म्हणाली, "तवा बी पेटला नव्हता."